एका प्रथिनाचे दोन अधिकार

एखाद्या पदार्थाचा स्वभाव एकदाचा ठरवून टाकला म्हणजे त्याच्याविषयी पुन्हा विचार करण्याचे श्रम वाचतात. म्हणूनच शास्त्रातसुद्धा नावे ठेवताना, वर्ग पाडताना आणि क्रमिक पुस्तकांतील प्रकरणे रचताना प्रत्येक पदार्थाकडे एकेक काम सोपवून आपण मोकळे होतो. गुण हा द्रव्याच्याच आश्रयाने राहतो, असे वैशेषिकांनी म्हटले. ते दर्शन ज्याने कधी उघडूनही पाहिलेले नाही अशा आजच्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या मनाची घडणही पुष्कळशी त्याच वळणाची असते. हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते, इन्शुलिन रक्तातील साखरेचा बंदोबस्त ठेवते आणि कॅस्पेज-८ नावाचे प्रथिन पेशीला मारते, अशी तीन विधाने तो एका दमात लिहून जातो. पहिली दोन व्यवहारापुरती पुरेशी खरी आहेत. तिसरेही खोटे नाही. परंतु ते इतके अपुरे आहे की, केवळ त्यावर विसंबून केलेल्या उपचाराने रोग्याचे हित होण्याऐवजी अहित होण्याचा संभव असतो, आणि तसे घडत असल्याची चिन्हे एका मोठ्या औषधप्रयोगात दिसलीही आहेत. मला जे प्रतिपादन करावयाचे आहे ते असे की, मारणे हा या प्रथिनाचा स्वभाव नव्हे आणि राखणे हाही नव्हे. ते कोणाच्या शेजारी बसले आहे, किती संख्येने बसले आहे आणि त्याच्यावर कोणी परक्याने हात टाकला आहे काय, यांवर त्याचे कार्य ठरते. आणि ही सोबतीवर अवलंबून असलेली रचना प्राण्यांच्या शरीराने रोगजंतूंशी कोट्यवधी वर्षे चाललेल्या झुंजीत कमावली आहे.

पेशी मरते ही गोष्ट सूक्ष्मदर्शक हाती आल्यावर फार काळ अज्ञात राहणे शक्य नव्हते, पण तिचे मरण पुष्कळ वर्षे केवळ नाश म्हणूनच पाहिले गेले: विषाने, भाजण्याने किंवा रक्ताचा पुरवठा तुटल्याने पेशी फुगते, फुटते, तिच्यातील द्रव्ये भोवताली सांडतात आणि तेथे दाह उत्पन्न होतो. १९७२ साली जॉन कर, अँड्र्यू वायली आणि अ‍ॅलिस्टर करी या तिघा विकृतिशास्त्रज्ञांनी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात निराळ्याच मरणाचे वर्णन केले आणि त्याला अपोप्टोसिस हे नाव दिले. त्यात पेशी आक्रसते, तिचे केंद्रक घट्ट होऊन त्याचे तुकडे पडतात, ती आपण होऊन लहान लहान आवरणबद्ध पुडक्यांत विभागली जाते आणि शेजारच्या पेशी ती पुडकी गिळून टाकतात. भोवताली काही सांडत नाही, दाह होत नाही आणि शरीराला या मरणाची वार्ताही लागत नाही. पुढे सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स नावाच्या, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीच्या अभ्यासातून असे दिसून आले की, त्याच्या देहात उत्पन्न होणाऱ्या १०९० पेशींपैकी १३१ पेशी नेमक्या जागी व नेमक्या वेळी मरतात आणि ९५९ उरतात, आणि हा हिशेब प्रत्येक कृमीत जवळजवळ तंतोतंत तोच असतो. या मरणाची आज्ञा जनुकांत लिहिलेली आहे हे सिद्ध झाले. सिडनी ब्रेनर, रॉबर्ट हॉर्विट्झ आणि जॉन सल्स्टन यांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच कार्यासाठी.

येथे क्षणभर थांबून एका मोहाविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. पेशीच्या या शांत मरणाला आत्मबलिदान म्हणण्याची आणि त्यावरून व्यक्तीने समाजासाठी कसे झिजावे, कसे मरावे, याचे धडे काढण्याची हौस अनेक लेखकांना आवरत नाही. हा धडा शास्त्राच्या आधाराने देता येत नाही, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. देहातील सर्व पेशी एकाच फलित बीजांडापासून जन्मलेल्या असतात. प्रत्येकीजवळ तोच वारसा असतो, आणि बीजपेशींच्या द्वारे तो पुढच्या पिढीत गेला म्हणजे मेलेल्या पेशीचेही सर्व काही पुढे गेलेले असते. नागरिकांचे तसे नाही. प्रत्येक मनुष्य हा आपल्या अनुभवाचा, आपल्या दुःखाचा आणि आपल्या संभाव्य आयुष्याचा एकमेव धनी असतो. तो गेला म्हणजे त्याच्याऐवजी दुसरा तेच घेऊन उभा राहत नाही. ज्या राज्यपद्धतींनी समाजाला देह आणि माणसाला पेशी मानले, त्यांनी विसाव्या शतकात काय केले हे जगाच्या दप्तरात नमूद आहे. जीवशास्त्राकडून नीती शिकण्याची घाई करण्यापूर्वी जीवशास्त्र नीट शिकावे, एवढेच माझे मागणे आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. मानवी कॅस्पेज-८ हे ४७९ अमिनो आम्लांच्या साखळीचे प्रथिन असून त्याचे जनुक दुसऱ्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर आहे. ते एक विकर आहे: दुसऱ्या प्रथिनांच्या साखळ्या अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या जागेनंतर तोडणे ही त्याची रासायनिक करामत. १९९६ साली, अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील विश्व दीक्षित यांच्या आणि इस्रायलमधील वाइझमन संस्थेतील डेव्हिड वॉलक यांच्या प्रयोगशाळांनी ते स्वतंत्रपणे शोधून काढले. पेशीच्या पृष्ठभागावर फॅस नावाचा एक ग्राही असतो. बाहेरून योग्य तो संदेश येऊन त्याला चिकटला म्हणजे आतल्या बाजूस फॅड नावाचे मध्यस्थ प्रथिन येऊन बसते, त्याच्या आधाराने कॅस्पेज-८ चे सुटे रेणू एकत्र येतात, जोडीने बसताच एकमेकांना तोडून पूर्ण जागृत होतात आणि पुढच्या अंमलबजावणी करणाऱ्या विकरांना मोकळे सोडतात. तेथून पुढे पेशीचे आयुष्य काही तासांचे उरते. आपल्याच देहावर उलटू पाहणाऱ्या किंवा संसर्ग संपल्यावर अनावश्यक झालेल्या लसिकापेशींना रजा देण्याचे काम या मार्गाने होते, आणि फॅसच्या जनुकात दोष असलेल्या मुलांच्या रसग्रंथी व प्लीहा सुजलेल्या का असतात, याचा उलगडाही यातून झाला. एवढ्यावर हकिकत संपली असती, तर कॅस्पेज-८ म्हणजे मृत्यूचा अंमलदार, हे वर्णन कायम राहिले असते.

परंतु १९९८ साली वॉलक यांच्याच प्रयोगशाळेने कॅस्पेज-८ चे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा अपेक्षेच्या नेमके उलट घडले. मारणारे प्रथिन गेल्यामुळे पेशींची संख्या वाढावी, मरावयाच्या त्या जगाव्यात, फार तर अवयवांचे आकार बिघडावेत, असा तर्क कोणीही केला असता. प्रत्यक्षात गर्भच जगेनात. उंदराचा गर्भकाळ सुमारे वीस दिवसांचा. हे गर्भ त्याच्या मध्यावर, साधारण अकराव्या दिवसाच्या सुमारास, हृदयाचे स्नायू नीट न घडल्यामुळे आणि रक्त साकळून दगावत. ज्या प्रथिनाचे एकमेव काम मारणे आहे असे समजले जात होते, त्याच्या अभावी मरण ओढवत होते.

ही विसंगती तेरा वर्षे टिकली, आणि ती टिकण्याचे कारण शास्त्रज्ञांची बुद्धी कमी पडली असे नसून, पेशीच्या मरणाचे आणखीही नियोजित प्रकार असू शकतात ही कल्पनाच रुजायला वेळ लागला, हे होते. फुगून फुटणे हे आजवर अपघाताचे लक्षण मानले जाई. पण तेही आज्ञेने घडू शकते हे हळूहळू उघड झाले. २००५ साली जुनयिंग युआन यांच्या गटाने या आज्ञाबद्ध फुटण्याला नेक्रोप्टोसिस म्हटले आणि त्याला अडवणारा एक रेणूही दाखवून दिला. २००९ साली तीन गटांनी त्यामागील रिप-३ हे प्रथिन ओळखले. २०१२ मध्ये पेशीच्या आवरणाला प्रत्यक्ष भगदाड पाडणारे एमएलकेएल हे प्रथिन हाती लागले. या साखळीच्या आरंभी रिप-१ आणि रिप-३ असतात. त्यांना तोडून निष्प्रभ कोण करते, याचा शोध घेता कॅस्पेज-८ समोर आले. मग २०११ च्या मार्चमध्ये ‘नेचर’च्या पानांवर दोन निबंध प्रसिद्ध झाले, एक एडवर्ड मोकार्स्की यांच्या गटाचा आणि दुसरा डग्लस ग्रीन यांच्या गटाचा. त्यांनी कॅस्पेज-८ बरोबर रिप-३ चेही जनुक काढून टाकले. आणि जे गर्भ अकराव्या दिवशी हटकून मरत, ते जन्माला आले, वाढले, प्रौढ झाले. वय होईल तसतशा त्यांच्या लसिकापेशी मात्र बेसुमार साठत गेल्या, कारण फॅसचा मार्गही अर्थातच बंद झाला होता. म्हणजे हे प्रथिन दोन अधिकार एकाच वेळी चालवीत होते: एका प्रकारच्या मरणाचा हुकूम देणे आणि दुसऱ्या प्रकारच्या मरणाला मनाई करणे. गर्भाच्या वाढीत पहिला अधिकार नसला तरी चालतो, दुसरा नसला तर चालत नाही. ज्याला आपण मारेकरी ठरवले होते, त्याचे सर्वांत तातडीचे काम जीव राखण्याचे होते.

अशी ही धोकादायक रचना निसर्गाने ठेवली तरी का, हा प्रश्न येथे टाळता येणार नाही. जे प्रथिन क्षणभर गैरहजर राहिले तर पेशी स्वतःला फोडून घेते, ते अस्तित्वात असणे हाच एक टांगता धोका नव्हे काय? उत्तर विषाणूंकडे आहे. विषाणूला पेशी जिवंत हवी असते; तिच्या यंत्रणेवर तो आपल्या प्रती काढतो, आणि त्या पुऱ्या होण्यापूर्वी ती मेली तर त्याचा वंश तेथेच खुंटतो. म्हणून संसर्ग ओळखताच शांतपणे मरून जाणे हा पेशीचा फार जुना प्रतिकार ठरला, आणि त्या प्रतिकाराला निकामी करणे ही विषाणूंची पहिली गरज झाली. गाईच्या देवीचा विषाणू सीआरएमए नावाचे एक प्रथिन तयार करतो; ते कॅस्पेज वर्गातील विकरांना घट्ट धरून ठेवते, आणि १९९२ साली त्याचा हा पराक्रम उघड झाला तेव्हा कॅस्पेज-८ माणसाला ठाऊकही नव्हते. सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजे जगातील बहुसंख्य माणसांच्या देहात आयुष्यभर दडून राहणाऱ्या विषाणूंपैकी एक, खास कॅस्पेज-८ लाच बांधून टाकणारे प्रथिन बाळगून असतो. उंदरांच्या विषाणूत ते एम-३६ या नावाने ओळखले जाते.

अशा गनिमापुढे पेशीने काय करावे? गावात रात्री गस्त घालणारा जागल्या पहारोपहारी हाळी देत असतो, तोवर घरे निर्धास्त झोपतात. त्याचे तोंड कोणी दाबले तर त्याची न ऐकू आलेली हाळीच घरांना जागे करते. कॅस्पेज-८ ची हजेरी पेशीसाठी त्या हाळीचे काम करते. विषाणूने त्याला धरले की शांत मरण बंद होते खरे, पण त्याचबरोबर रिप-१ व रिप-३ वरचा पहारा उठतो, एमएलकेएल आवरणाला भगदाड पाडते, पेशी फुटते, आणि तिच्यातून सांडलेली द्रव्ये भोवतालच्या भक्षकपेशींना संकटाची वर्दी देतात. शांत मरण नाकारले तर गोंगाटाचे मरण पदरी पडते. विषाणूला हवे असलेले जिवंत घर दोन्ही प्रकारांत मिळत नाही. उंदरांच्या सायटोमेगॅलोव्हायरसने यावरही तोड काढली आहे: एम-३६ बरोबर त्याच्याजवळ एम-४५ हे दुसरे प्रथिन असते, जे रिप-३ चा मार्ग अडवते. मोकार्स्की यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवले की, एम-४५ बिघडवलेला विषाणू साध्या उंदरात टिकाव धरू शकत नाही, पण रिप-३ नसलेल्या उंदरात तो पुन्हा जोमाने वाढतो. या एका प्रयोगात त्या सबंध झुंजीचा इतिहास सामावलेला आहे. एका बाजूने कुलूप लावावे, दुसऱ्याने किल्ली बनवावी, पहिल्याने ती किल्ली फिरताच वाजणारी घंटा बसवावी आणि दुसऱ्याने घंटेचा लोलक धरावा, असे डावपेच ज्या काळात घडले त्याच्या मानाने मनुष्यजातीचे वय नगण्य आहे.

येथवर वाचल्यावर एखादा रसायनशास्त्रज्ञ असा आक्षेप घेईल, आणि तो आदराने ऐकण्याजोगा आहे, की तुम्ही उगाच दोन अधिकारांची भाषा करता. कॅस्पेज-८ एकच गोष्ट करते, ती म्हणजे तोडणे. रिप-१ तोडले तर पेशी वाचते, पुढची विकरे तोडली तर मरते, पण तोडण्याची क्रिया तीच. हा आक्षेप निम्मा खरा आहे. त्याच्या खऱ्या अर्ध्यात सी-फ्लिप नावाच्या प्रथिनाची मोठी मनोरम भूमिका आहे. सी-फ्लिप दिसायला कॅस्पेज-८ सारखेच, एकाच घराण्यातले. पण ज्या सिस्टीनच्या बळावर तोडण्याचे काम होते ते सिस्टीनच त्याच्या ठिकाणी नाही. कॅस्पेज-८ च्या शेजारी कॅस्पेज-८ च येऊन बसले तर दोघे मिळून पुरते जागे होतात आणि मरणाचा हुकूम सुटतो. त्याच्या शेजारी सी-फ्लिपचा लांब प्रकार बसला तर त्या जोडीला मर्यादित धार येते: जवळच्या रिप-१ सारख्या प्रथिनांना तोडण्यापुरती पुरेशी, पेशी मारण्यास अपुरी. जो स्वतः काहीच तोडू शकत नाही अशा सोबत्याच्या संगतीने मारणाऱ्याचा राखणारा होतो. रासायनिक क्रिया एकच राहिली असेल, पण तिचा परिणाम, तिचे क्षेत्र आणि तिचा अर्थ हे सारे संगतीने ठरले. स्वभाव द्रव्यात शोधणाऱ्याला येथे रिकाम्या हाताने परतावे लागते.

आणि आक्षेपाचे दुसरे अर्धे तर २०१९ साली साफ कोसळले. तोडण्याची क्रिया हेच या प्रथिनाचे सर्वस्व असेल, तर प्रथिन मुळीच नसणे आणि प्रथिन असून त्याची धार गेलेली असणे, या दोन स्थिती सारख्याच ठरावयास हव्यात. कॅस्पेज-८ आणि एमएलकेएल ही दोन्ही प्रथिने नसलेले उंदीर जगतात, हे आधी ठाऊक होते. आता दोन स्वतंत्र गटांनी असे उंदीर तयार केले की, ज्यांच्यात एमएलकेएल नाही पण कॅस्पेज-८ जागच्या जागी आहे, फक्त त्याचे तोडणारे केंद्र बोथट केलेले आहे. गर्भाच्या मध्यावरचे मरण टळले. तरीही ती पिले जन्माच्या सुमारास दगावली, आणि त्यांच्या आतड्यांची नासाडी झालेली आढळली. बोथट झालेले ते प्रथिन केवळ आपल्या आकाराच्या बळावर इतर प्रथिनांना एकत्र आणणारा मांडव बनले होते, आणि त्या मांडवाखाली कॅस्पेज-१ जागृत होऊन तिसऱ्याच, अत्यंत दाहक अशा मरणाला वाट मिळत होती. धार नसलेले कॅस्पेज-८ हे मुळीच नसलेल्या कॅस्पेज-८ पेक्षा घातक ठरले. मला हा प्रयोग या सबंध विषयातील सर्वांत बोलका वाटतो. विषाणूने जेव्हा कॅस्पेज-८ ला धरून बोथट केले, तेव्हा त्याने ते नाहीसे केले नव्हते. त्याने त्याला एका निराळ्या कामावर लावले, आणि ते काम देहाच्या बाजूचे होते.

दोन अधिकारांचा हिशेबही, म्हणूनच, अपुरा पडतो. त्याचा आणखी एक दाखला ज्या जंतूकडून मिळतो, त्याचे नाव महाराष्ट्राला परके नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. आकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले, आणि पुढच्या वर्षी पुण्यात रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाला बळी पडल्या. त्या काळी हाफकिन यांच्या लशीखेरीज या रोगावर आशेची दुसरी जागा फारशी नव्हती, आणि देहाच्या आत नेमके काय घडते हे कोणालाही ठाऊक असणे शक्य नव्हते. आज त्यातील पुष्कळ भाग उलगडला आहे. प्लेगचा जंतू ज्यात मोडतो त्या यर्सिनिया वर्गातील जंतू सुईसारख्या एका सूक्ष्म अवयवातून आपली प्रथिने थेट भक्षकपेशीच्या पोटात टोचतात. त्यांतील योप-जे नावाचे प्रथिन पेशीतील संदेशवाहक विकरांना निकामी करते. परिणामी, संकट आले आहे हे ओळखूनही पेशीला इतरांना बोलावण्याची रसायने तयार करता येत नाहीत. तिचा आवाजच जातो. अशा मुकाट झालेल्या पेशीत फॅड आणि रिप-१ यांच्या साहाय्याने कॅस्पेज-८ पुढाकार घेते आणि पेशीला मारते. पण या वेळी शांतपणे नव्हे. २०१८ साली असे दाखवण्यात आले की, या प्रसंगी ते गॅस्डर्मिन-डी हे प्रथिन तोडते, त्याचे तुकडे पेशीच्या आवरणात छिद्रे पाडतात आणि दाहाचा पुकारा बाहेर पडतो. ज्या रिप-१ ला ते इतर प्रसंगी आवर घालते, तेच रिप-१ येथे त्याचे मदतनीस असते. प्लेगच्या जंतूचा जवळचा भाऊबंद असलेल्या यर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिसचा संसर्ग कॅस्पेज-८ व रिप-३ नसलेल्या उंदरांना दिला असता त्यांना त्याला आवर घालता येत नाही. खुद्द प्लेगच्या जंतूजवळ देहाला चकवण्याच्या इतरही अनेक युक्त्या आहेत, म्हणूनच तो इतका भयंकर ठरला. पण त्या भीषण वर्षांत ज्या सहस्रावधी देहांत ही लढाई लढली गेली, त्यांतल्या भक्षकपेशींतही हे प्रथिन उभे होते.

माणसांतील जन्मजात दोषांचा पुरावाही याच दिशेने बोट दाखवतो. २००२ साली अमेरिकेत एका भावंडांच्या जोडीत कॅस्पेज-८ च्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष आढळल्या. मृत्यूचे प्रथिन बिघडले म्हणून त्यांच्या रसग्रंथी वाढल्या, हे अपेक्षित होते. परंतु त्यांना वारंवार संसर्गही होत, कारण त्यांच्या लसिकापेशींना जागे होऊन लढण्यासाठी हेच प्रथिन लागत होते. आणखी काही वर्षांनी असे रोगी सापडले की, ज्यांचे कॅस्पेज-८ निर्दोष, पण रिप-१ वरची ती एक जागा बदललेली, जेथे कॅस्पेज-८ त्याला तोडते. जन्मानंतर लवकरच त्यांना ज्वराच्या फेऱ्या सुरू होतात, गाठी सुजतात, आणि हे वर्षानुवर्षे चालते. कॅस्पेज-८ आपली मनाई बजावू शकत नाही, एवढ्यावरून एक देह आयुष्यभर तापतो. ज्या मुलाला लहानपणापासून दर काही आठवड्यांनी ताप येतो आणि ज्याच्या सर्व तपासण्या नेहमीच्या रोगांसाठी रिकाम्या येतात, त्याच्या आईबापांच्या दृष्टीने प्रथिनशास्त्रातला हा बारकावा बारकावा राहत नाही. आतड्यातही तेच: आतड्याच्या अस्तरातून कॅस्पेज-८ काढले तर उंदरांना लहान आतड्याचा दाह होतो, आणि ज्या पेशी जंतुनाशक द्रव्ये स्रवतात त्या एकेक करून फुटतात.

आता त्या औषधप्रयोगाकडे येतो, ज्याचा उल्लेख आरंभी केला. यकृतात चरबी साठून त्याला दाह होणाऱ्या रोगात यकृताच्या पेशी मोठ्या संख्येने मरतात. कॅस्पेज मारतात, तर कॅस्पेज अडवावेत म्हणजे पेशी वाचतील, असा सरळ तर्क करून सर्व कॅस्पेजना एकदम रोखणारे एम्रिकसन हे औषध ३१८ रोग्यांत ७२ आठवडे तपासण्यात आले, आणि त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. औषधाने आपले लक्ष्य गाठले होते. रक्तातील कॅस्पेजच्या क्रियेच्या खुणा घटल्या होत्या. तरी यकृत सुधारले नाही, आणि पेशींचे फुगणे व व्रणतंतूंची वाढ ही उलट बळावल्याची शक्यता दिसली. संशोधकांनी स्वतःच असे मत मांडले की, अडवलेल्या पेशी मरणाच्या दुसऱ्या वाटेने गेल्या असाव्यात. त्या प्रयोगाला सदोष हेतूचा म्हणण्याचे कारण नाही. तो प्रामाणिकपणे आखला गेला आणि प्रतिकूल निष्कर्ष प्रामाणिकपणे छापला गेला. पण त्याच्यामागील तर्कात एका प्रथिनाला एकच काम नेमून देण्याची ती जुनी ओढ होती. जे औषध कॅस्पेज-८ ला धरून ठेवते, ते पेशीच्या दृष्टीने एका विषाणूसारखे वागते, आणि विषाणूशी वागण्याची पेशीची रीत ठरलेली आहे.

कर्करोगाच्या बाबतीत हाच विचार उलट्या बाजूने लावावा लागतो, आणि तेथे तो मला अधिक आशेचा वाटतो. न्यूरोब्लास्टोमा ही लहान मुलांच्या अपरिपक्व मज्जापेशींची गाठ. तिच्या आक्रमक प्रकारांत कॅस्पेज-८ चे जनुक शाबूत असूनही त्यावर मिथाइलची मोहर बसवून ते मिटवलेले असते, हे २००० साली आढळून आले. गाठीने मरणाचा हुकूम देणारा अंमलदार बरखास्त केला, हे समजण्याजोगे आहे. पण मग पहारा उठल्यावर रिप-३ ने तिला फोडले का नाही, असा प्रश्न उरतो. पुढे अनेक प्रकारच्या कर्कपेशींत रिप-३ चे जनुकही त्याच पद्धतीने मिटवलेले सापडले. पहिले दार बंद केल्यावर दुसरे उघडे ठेवणे गाठीलाही परवडत नाही. प्रयोगशाळेतील पेशींवरून मिथाइलच्या मोहरा काढणारी औषधे दिली असता कॅस्पेज-८ पुन्हा तयार होऊ लागते. तसे ते एखाद्या मुलाच्या गाठीत परत आणायचे झाले, तर ते परत आले का, एवढेच तपासून चालणार नाही. त्या गाठीत सी-फ्लिप किती आहे, रिप-३ जागे आहे की मिटलेले, आणि एमएलकेएल शिल्लक आहे का, यांची नोंद त्या मुलाच्या कागदपत्रांत औषधाच्या मात्रेइतक्याच काळजीने व्हावयास हवी. कारण सी-फ्लिपच्या गर्दीत परत आलेले कॅस्पेज-८ ती गाठ मारण्याऐवजी राखू लागण्याचा पुरता संभव आहे.